सात सह्यांची संस्था

सरकारी ऑफिसच्या बाकावर एक कागद जमेपर्यंत चार किस्से जमतात. आमच्या संस्थेचे कागद फायलीत गेले, किस्से मात्र माझ्याजवळच राहिले. हसत सांगायला घेतो, पण शेवटपर्यंत हसणं टिकत नाही.

आमच्या मुखेडचे युसूफचाचा टेलर आहेत. तालुक्यातले जे पेशंट नांदेडच्या एका दवाखान्यात एकटे पडलेले असतात, त्यांना ते कित्येक वर्षं सकाळच्या एसटीनं डबे नेतात. दवाखान्याचे साहेब म्हणाले, "संस्था नोंदवा, आवारात खोली देतो. तिथंच गरम स्वयंपाक करा." चाचांनी मशीन बंद करून आम्हाला गोळा केलं. रिटायर गुरुजी अध्यक्ष झाले. मी नववीत शाळा सोडलेला, पण अक्षर बरं म्हणून सेक्रेटरी.

*

नोंदणीला सात सभासद लागतात, असं कळलं. गुरुजींनी यादी केली: स्वतः, बायको, दोन मुलं, सून, चाचा आणि मी. धर्मादाय ऑफिसातल्या क्लार्कनं ती वाचली आणि चष्मा काढला.

"गुरुजी, ही संस्था हाय का तुमचं रेशनकार्ड?"

परतीच्या एसटीत गुरुजी खिडकीबाहेरच बघत राहिले. घरचे चौघं गेले, गावातले चौघं आले.

*

उद्देशांत आम्ही एकच ओळ लिहिली होती: पेशंटला जेवण देणे. ऑफिससमोरच्या टायपिस्ट बाई म्हणाल्या, "एवढ्यात काय होतंय? आपल्याकडं तयार नमुना हाय." त्या नमुन्यात संगणक होता, वृक्षारोपण होतं, मत्स्यपालनसुद्धा होतं. मी चाचांना वाचून दाखवलं.

"बेटा, गावात प्यायचं पाणी टँकरनं येतंय. मासे पाळायचे कुठं, टँकरात?"

तरी सगळ्यांनी सह्या केल्या. बाईंनी टाइप केलंय म्हणजे बरोबरच असेल.

*

संस्थेच्या पत्त्यासाठी जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि लाइट बिल लागतं. गावातल्या बापूरावांची एक खोली रिकामी होती.

"देतो की. पण मीटर माझं, तर मेंबरबी मीच."

सात तर भरलेले. कुणाला काढायचं?  शेवटी चाचाच बोलले.

"माझं काढा. डबे न्यायला कागद लागत न्हाई."

"लई मोठं मन, चाचा," गुरुजी म्हणाले.   त्या नावावर रेघ मीच मारली. पट्टी लावून, सरळ.

*

सर्टिफिकेट आलं. पेढे घेऊन टायपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी यादी पाहिली.

"चाचांचं नाव दिसत न्हाई?"

"सात भरले होते, बाई."

पेढा त्यांच्या हातातच राहिला. "अरे, सात म्हणजे कमीत कमी सात. आठ टाका, दहा टाका, कोण नको म्हणतंय? विचारायचं न्हाई का?"

विचारायचंच राहिलं होतं. आता नाव वाढवायचं तर सभा, ठराव, सगळ्यांच्या सह्या. ठराव मी त्याच दिवशी लिहिला. बापूरावांची सही राहिली आहे. ते लातूरला मुलाकडे गेलेत.

*

दवाखान्याच्या आवारातली खोली मिळाली. वॉर्डात जायचे पास दवाखान्यानं यादीप्रमाणे दिले, सात. आता पासाशिवाय आत सोडणं बंद. खोलीत शेगडी यायची होती, म्हणून पहिल्या दिवशी डबे मुखेडहूनच आले. चाचांना वॉचमननं गेटवर थांबवलं. त्याची मान खाली होती.

"चाचा, यादीत नाव न्हाई तुमचं. माझी नोकरी हाय."

चाचांनी माझ्या गळ्यातला पास पाहिला. मग एकेक डबा माझ्या हातात दिला.

"बारा नंबरला तिखट चालत न्हाई. सोळाच्या म्हातारीला भाकर कुस्करून द्या, तिचे हात थरथरतेत. आणि नऊ नंबरला नुसता डबा ठेवून निघू नका. समोर कुणी बसल्याबिगर तो खात न्हाई."

मी मान हलवली. चाचा जरा घुटमळले.

"सेक्रेटरीसाब, तुम्हाला परत जायची घाई न्हाई ना?"