स्फटिकाची मान

सणसवाडीतल्या एका छोट्या कंपनीत मी सिलिकॉनचे स्फटिक वाढवते. भट्टीत सिलिकॉन वितळवायचं, तारेला टांगलेला बोटभर बीज-स्फटिक वरून त्या रसाला टेकवायचा आणि फिरवत फिरवत सावकाश वर ओढायचा. आधी येते ती काडीसारखी बारीक मान. ती नीट धरली तर खाली अख्खा स्फटिक एकसंध वाढतो, त्याच्या चकत्या कापून पुढं चिप बनतात. मान धरताना रस हलला, तर सगळं भंगारात.

आणि नेमका शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस आला. पत्र्यातून गाडीचे ब्रॅकेट काढणारा. धाड, जरा थांबून पुन्हा धाड. भट्टीच्या काचेतून बघावं तर प्रत्येक ठोक्याला रसावर बारीक लाट. बिघडलेली मान रसात बुडवून वितळवायची, पुन्हा सुरुवात करायची, की पुन्हा धाड.

साहेब म्हणाले, "गुरुवारी लावा ना. इथल्या कारखान्यांना सुट्टी असते, सगळं शांत."

सुट्टी मलाही असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गावी निमोण्याला आईला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. गुरुवारी प्रेस खरंच गप्प होता. रस कसा आरशासारखा स्थिर. मान धरायला घेतली आणि लाईट गेली. देखभालीसाठी गुरुवारीच लाईट घालवतात हे अख्ख्या सणसवाडीला माहीत आहे. मला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं. मग जनरेटर लागला. तो आमच्याच भिंतीला चिकटून. प्रेस निदान मध्ये मध्ये थांबायचा, हा सलग थरथरत राहिला.

साहेबांना फोन लावला.

"जनरेटर बंद करून बघा," ते म्हणाले.

"सर, मग रस गोठेल. गोठताना फुगतो, भांडं फुटेल."

"अच्छा. मग उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मी सरळ शेजारच्या शेडमध्ये गेले. मालक शिरूरकडचे, ऊस सांभाळून हा धंदा टाकलेला. सगळे त्यांना आप्पा म्हणतात.

"आप्पा, तुमच्या प्रेसमुळं आमचं काम बिघडतंय."

"प्रेस आमच्या जागंत हाय, ताई."

"बंद करा म्हणत नाही. रोज थोडा वेळ थांबवा."

"कशापायी?"

सांगत बसण्यात अर्थ नव्हता. त्यांना भट्टीपाशी आणलं, रसाचा झगझगाट सोसावा म्हणून डोळ्यांपुढं धरायची काळी काच हातात दिली. ते वाकून बघत होते तेवढ्यात पलीकडं ठोका पडला.

"ही लाट माझी?"

"व्हय, तुमचीच."

त्यांनी काच परत दिली. "बरं. जेवणानंतर पोरं गाडीत माल भरत्यात, तवर प्रेस गप ठिवतो. पर गाडी भरली की मी थांबायचो न्हाई."

"मग सावकाश भरायला सांगा."

त्या दुपारी गाडी फारच सावकाश भरली गेली. मान धरली. ती धरली की पुढचा जाड भाग थोडेफार धक्के सोसतो, आणि त्यानं ते सोसले. एकसंध स्फटिकाच्या अंगावर दिसतात त्या चारही रेघा खालपर्यंत सरळ उतरल्या. किती दिवसांनी मी खुर्चीला पाठ टेकली.

काचेतून फोटो काढून साहेबांना पाठवला. लगेच उत्तर आलं, "छान. आता दुसरी भट्टी पण चालू करू."

मी मोबाईल पालथा ठेवला आणि चहा प्यायला बाहेर पडले.