लुखोझीला घरी आणताना

खोंझिलेची जीभ अख्ख्या टेकडीला ठाऊक होती. तिच्यासारखी ज्वारीची बिअर कुणी गाळत नसे आणि तिच्यासारखं तोंडही कुणी सोडत नसे. म्हणून मुलाला आणायला मीच जाते असं ती म्हणाली, तेव्हा पाय गमावलेला दीर सिगोडी हसलाच.

"वहिनी, तुम्हाला घटकाभर गप्प बसवतं का? वाटेत दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोललात, की पोरगं तिथेच राहिलं."

"मग तुम्ही पळत जा, भावजी."

जायला दुसरं होतं कोण? घरातले धडधाकट पुरुष गोऱ्यांच्या बंदुकांनी गिळले होते. तिचा लुखोझी खांबुलाच्या लढाईत टेकडीच्या उतारावर पडला होता, हातात ढाल आणि समोर तोफ. त्याचा आत्मा घरी आणायचा, तर रानबोरीची काटेरी फांदी त्या जागी टेकवायची, 'चल' म्हणायचं आणि त्याला फांदीवर घेऊन, फक्त त्याच्याशी बोलत परतायचं. नाहीतर तो कायमचा उघड्यावर.

ती गेली. फांदी टेकवली, पोटभर रडली आणि परत फिरली. दीड दिवस वाटेतल्या माणसांशी चकार शब्द नाही. आता खोंझिलेला हे जमलं म्हणजे कमालच म्हणायची.

नदी ओलांडायच्या जागी मात्र गोऱ्यांचा पहारा होता. आपल्या राजाला धरून नेल्यापासून हे लोक येणाऱ्याजाणाऱ्याला अडवत. त्यांचा दुभाषा नदीपलीकडचा, बोली आपलीच, अंगात कोट त्यांचा.

"नाव काय? बंदुका कुठे लपवल्यात?"

खोंझिले गप्प. पहाऱ्यावरच्या गोऱ्या साहेबाने खूण केली, तसा एका शिपायाने फांदीला हात घातला. काटे रुतून तिच्या तळहातातून रक्त आलं, पण मूठ सुटली नाही. बोलावं तर पोरगं जातं, न बोलावं तर फांदी जाते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण एकाशी बोलायची मुभा होतीच की.

"लुखोझी," दुभाष्याच्या डोळ्यांत बघत ती फांदीला म्हणाली, "तुला मारणारे हेच. आपल्या नदीवर उभं राहून आपल्यालाच नाव विचारतात, मेल्यांना लाज नाही. तू मान खाली घालू नकोस. ये माझ्यामागून."

"काय म्हणते?" साहेबाने विचारलं.

"ती तुमच्याशी बोलत नाहीये, साहेब," दुभाषा म्हणाला. "मुलाला घरी नेतेय."

"कुठला मुलगा?"

"खांबुलाच्या लढाईत तुम्ही मारलात तो."

साहेबाने तोंड फिरवलं. "जाऊ दे वेडीला."

शिपायाने फांदी सोडली. दुभाष्याने टोपी काढली आणि तो वाटेतून बाजूला झाला, चांगली दोन माणसं जातील इतका.