माझ्या वाट्याचं दूध

आईचे पाय आखडायला लागले तेव्हा सगळ्यांनी मणक्यालाच दोषी धरलं. अंबरनाथ पश्चिमेच्या हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, उल्हासनगरच्या मालिशवाल्याने तेल दिलं, आणि बेलवलीतल्या आमच्या शेजारणीने गरम विटेचा शेक सुचवला. चार वर्षं! तेवढ्या काळात आईच्या हातात आधी काठी आली, मग वॉकर. लघवी आवरेना म्हणून कुणाच्या लग्नाला जायचं असलं की ती सकाळपासून पाणी पीत नसे. आम्ही घरचे शहाणे म्हणायचो, वय झालं. वय बासष्ट.

शेवटी मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त मुंबईला पाठवलं आणि कागदावर लिहून दिलं, एचटीएलव्ही. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसतो. बहुतेकांना तो काहीच करत नाही, थोड्यांच्या मज्जारज्जूला मात्र इजा करतो, आणि आई त्या थोड्यांमधली निघाली. बरं करणारं औषध नाही, आखडलेपणाच्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम. नातेवाइकांना हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. रक्तातला विषाणू म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. तो नव्हे हो, हा दुसरा, असं मी शंभरदा सांगितलं, तरी एक मावशी आमच्याकडचा चहा तसाच ठेवून गेली.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा आईच्या दुधातून मुलाला जाऊ शकतो, आणि जितके जास्त दिवस पाजलं तितका धोका जास्त. मी तपासून घ्यावं, असं त्या म्हणाल्या. आई खाली बघत होती. तिच्या मनात मी नव्हते, हे मला तिथेच कळलं.

माझा चुलतभाऊ माझ्याहून पंधरा दिवसांनी लहान. काकीला दूध आलंच नाही, आणि तो जेमतेम मूठभर. मी गुटगुटीत. म्हणून मला तिसऱ्या महिन्यात म्हशीच्या दुधावर टाकलं आणि आईने त्याला पाजलं, चांगला अडीच वर्षांचा होईपर्यंत. अंगणातून धावत येऊन प्यायचा म्हणे. घरातल्या प्रत्येक हळदीला ही गोष्ट निघते आणि मी भांडते, माझ्या वाट्याचं दूध ह्याने ढोसलं! सगळे हसतात. मला मात्र खरंच राग होता, अगदी लहानपणापासून. तो आईला मोठीआय म्हणतो, आणि ती अडली की तिला उचलून गाडीत बसवतोही तोच.

आणि हा माणूस वर्षातून तीन वेळा रक्तदान करतो. मंडळाचं शिबिर असो की कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, पहिल्या खाटेवर हा. मी बाईंना विचारलं, तर आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची ही तपासणी सहसा होत नाही म्हणाल्या.

"त्याला बोलू नको," घरी येताच आईने बजावलं.

"अगं, तो रक्त देतो! दुसऱ्या कुणाला गेलं तर?"

"माझा दूध वाईट होता, असा सांगशील त्याला?"

"वाईट कोण म्हणतंय? फक्त तपासायचंय."

"तुला काय! तू प्यायलीस कुठं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं जे मी थट्टेवारी नेत होते, ते तिने माझ्याच तोंडावर फेकलं. पंधरा दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मग नाक्यावर पुढच्या शिबिराचा बॅनर लागला, आणि मी सरळ त्याच्या घरी जाऊन सांगून टाकलं.

त्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मोठीआयला बोलू, दोघंही रूटीन चेक करतोय. टेन्शन नको तिला."

शिबिराच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आले. माझ्यात काही नव्हतं. त्याच्यात होतं. रिक्षात मी रडले, आणि रडतानाही चिडले होते, कारण चिडायला समोर कुणीच नव्हतं. जन्मभर ज्या दुधासाठी मी त्याचा हेवा केला, ते मला मिळालं नाही म्हणून मी सुटले होते. त्याला बहुधा काही होणार नाही, असं बाई म्हणाल्या. त्या 'बहुधा'चं काय करायचं, ते मात्र सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा आईच्या पायांचा व्यायाम घ्यायला आला. एक पाय हातात धरून हळूहळू वाकवत होता.

"रिपोर्ट काय आला?" आईने विचारलं.

"दोघांचा पण क्लीन, मोठीआय. एकदम मस्त."

आईने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला हवं म्हणून तिच्याशी भांडलेली मी, मीही मान डोलावली.

तिने त्याचा हात ओढून घेतला आणि शर्टाची बाही वर सारली. शिबिराच्या दिवशी तिथे कापसावर चिकटपट्टी असते.

"आज शिबिर होता ना?" ती म्हणाली. "मग तू का नाय गेलास?"