कोणाचीच पूर्वज नाही

मॅडम अमेरिकेतल्या एका मोठ्या महिला वारसा संस्थेच्या अध्यक्षा होत्या. जुन्या युद्धातल्या सैनिकांच्या कबरी शोधायच्या, वंशजांना बोलवायचं आणि तिथे पितळी पाटी बसवायची, यातच त्यांचं आयुष्य गेलं. सिंगापूरला मात्र त्या स्वतःच्या मुलीसाठी आल्या होत्या. नवऱ्याची इथे नोकरी असताना त्यांची तान्ही मुलगी गेली होती, आणि आता तिला पुरलं होतं ते जुनं कब्रस्तान नव्या फ्लॅट्ससाठी मोकळं करत होते. मी इथलीच, शहराच्या वुडलँड्स भागातून त्यांच्या मदतीला जायचे. परवाने, टॅक्सी, अस्थी ठेवायचा कोनाडा, सगळं माझ्याकडे होतं.

सकाळी कबर खणली तेव्हा काहीच हाती लागलं नाही, इवलीशी हाडं केव्हाच मातीत विरली होती. कामगार मला म्हणाला, "आंटी, थोडी माती देऊ?" मी त्याच्यापुढे अस्थींसाठी आणलेला डबा धरला.

परतताना टॅक्सीत मी राहिलेलं काम काढलं. "मॅडम, कोनाड्याला पाटी लागेल. तुमच्या संस्थेचीच मागवू या?"

"मिळणार नाही. आमची पाटी पूर्वजांसाठी असते. ही कोणाचीच पूर्वज नाही."

"मग इथेच करून घेऊ. काय लिहायचं?"

शेकडो पाट्यांचा मजकूर लिहिणाऱ्या बाईंना एक ओळ सुचेना. त्यांनी मांडीवरचा डबा जवळ ओढला.

"नुसतं नाव घालते," मी म्हटलं. "आणा तो डबा, मी धरते. तुम्ही जरा टेकून बसा."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आत्ता तर घेतलीय तिला."