हात लावलाय का कुणी?

नईमचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो, आणि नेहमीसारखाच मी तो उचलला नाही. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं की मोबाइल पालथा घालायचा, ही माझी गेल्या काही वर्षांची सवय. त्या दिवशी तो पुन्हा वाजला, पुन्हा वाजला… एवढा चिवट तो कधीच नव्हता. संध्याकाळी पुंडलिकनगरला घरी आल्यावर मेसेज वाचला. त्याच्याच नंबरवरून, पण शबानाभाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं केलेला. सकाळी छातीत कळ आली, सिल्लोडहून शहराकडे आणताना वाटेतच गेले, असरच्या नमाजनंतर दफन आहे. मी वाचलं तेव्हा असर, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज, केव्हाच होऊन गेली होती. ज्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी उमेदीची वर्षं काढली, त्याला माती द्यायलाही मी पोचलो नाही. रस्ता बंद नव्हता की गाडी मिळाली नाही असंही नाही. मी फोन पालथा घातला होता.

छावणीजवळ आमच्या कंपनीचं छोटं ऑफिस आहे. दवाखान्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. हुद्द्यानं मी मोठा. पण बनलेलं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवायचं आणि चालतं ठेवायचं, हे काम नईमचं. उंचापुरा गडी, आवाज मोठा, आणि जेवायला बसला की आधी माझ्या डब्यात हात. "पाटील, तुमच्या घरच्या ठेच्यानं सर्व्हर पेटंल एक दिवस." मी म्हणायचो, "मग खाऊ नको ना." तर म्हणायचा, "खाल्ल्याबिगर तक्रार कशी करणार?" त्याची एक रीत होती. सर्व्हरवर काही नवीन चढवायचं असलं की तो खुर्ची मागं सारून उभा राहायचा आणि सगळ्या खोलीला विचारायचा, "हात लावलाय का कुणी?" म्हणजे मागच्या वेळेनंतर कुणी काही बदललं असेल तर आत्ताच सांगा. प्रत्येकानं उत्तर द्यायचं. नुसती मान हलवलेली त्याला चालायची नाही. "मुंडी नको हलवू, तोंडानं बोल." सुट्टीवरच्यांना तो फोन लावायचा. आमच्यातल्या एकाला त्यानं हळदीच्या पाटावर गाठलं होतं… "हळद लागू दे रे, आधी सांग, हात लावला का?" आम्ही हसायचो. पण कुणी 'व्हय' म्हटलं की तो काम थांबवायचा, शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मगच पुढं जायचा. कधी कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही.

आता जे घडलं ते सांगायचं, तर थोडं कामातलं सांगावं लागेल. आमचं सॉफ्टवेअर छोट्या छोट्या डब्यांमध्ये चालतं असं समजा. डबा बंद पडला की नवा उभा राहतो, आणि उभा राहताना पासवर्डाची एक चिठ्ठी वाचून घेतो. त्या पासवर्डावर त्याला डेटाबेसमध्ये, म्हणजे जिथं पेशंटांची सगळी माहिती असते तिथं, शिरता येतं. पण डेटाबेस स्वतः ती चिठ्ठी फक्त पहिल्यांदा, जन्माला येताना वाचतो. तोच पासवर्ड आपल्या डिस्कवर लिहून ठेवतो. पुढं बाहेरची चिठ्ठी कितीही बदला, तो तिकडं बघत नाही. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका दवाखान्यानं पासवर्ड फार सोपा आहे म्हणून तक्रार केली, तेव्हा मी बाहेरची चिठ्ठी बदलली. आतला पासवर्डही बदलावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. नईमला विचारलं असतं तर त्यानं लगेच सांगितलं असतं. विचारलं नाही. मी साहेब, मी त्याला कसं विचारू! आणि काही बिघडलंही नाही, कारण चालू असलेल्या डब्यांनी जुनी चिठ्ठी आधीच वाचलेली होती. मला वाटलं, जमलं.

काही आठवड्यांनी नईमला त्याच दवाखान्याचं सॉफ्टवेअर नव्यानं चढवायचं होतं. तो उभा राहिला, विचारलं. खोलीभर नाय, नाय झालं. माझी पाळी आली. आजवर मी घरातही सांगत आलो, की विसरलो होतो… ते खोटं आहे. मला आठवलं होतं. पण इतके दिवस सगळं चालू आहे, आता कशाला बोला, असं वाटलं, आणि सगळ्यांच्या सुरात मीही 'नाय' म्हणालो. नवे डबे उभे राहिले, नवी चिठ्ठी वाचली, आणि डेटाबेसनं त्यांना दारातच अडवलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा उभे राहिले, पुन्हा तेच. तिकडं दवाखान्यात नोंदणी बंद, रिपोर्ट दिसेनात, खेड्यापाड्यांतून आलेली म्हातारी माणसं ओपीडीच्या ओट्यावर बसून राहिली. कुणी दगावलं नाही, हे मी नंतर स्वतःला कितीदा सांगितलं असेल. आम्ही सगळे तो पासवर्ड पुन्हा पुन्हा ताडून बघत होतो. नईम म्हणाला, "पासवर्ड बरोबरच दिसतोय. पण कुणाच्या लेखी बरोबर, ते बघा." मी घाबरलो होतो. म्हणालो, "डिस्क पुसून टाक, नव्यानं उभी कर." मी माउसकडं हात नेला तर त्यानं माझं मनगट धरलं. "पाटील, आत पेशंट हायेत." मग डेटाबेसच्याच डब्यात शिरून, जिथं आतल्या आत पासवर्ड विचारला जात नाही, तिथून त्यानं आतला पासवर्ड बदलला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं.

दवाखान्याला मात्र दोषीचं नाव हवं होतं. सर्व्हरला शेवटचा हात नईमचा. तो दुसरीकडं नोकरी बघतोय, हे मालकांच्या कानावर होतंच. बैठकीत कुणीतरी म्हणालं, जाता जाता मुद्दाम केलं असेल. आणि त्याचं नाव नईम होतं, म्हणून ते सगळ्यांना इतक्या लवकर पटलं, हेही मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल खरवडत राहिलो. बैठकीनंतर तो मला खाली चहाला घेऊन गेला. पहिला घोट झाल्यावर हळूच, खोलीत विचारायचा त्या आवाजात नाही, म्हणाला, "पाटील, हात लावला होता का?" मी कपात बघत राहिलो. त्यानं वाट बघितली. मग "बरं" म्हणाला, चहा संपवला आणि उठला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. त्याला काढून टाकलं. दुसरीकडची नोकरीही गेली, कारण तिथल्यांनी आमच्याकडंच चौकशी केली. तो सिल्लोडला परतला आणि मक्याच्या एका आडतीवर वजनकाट्याच्या पावत्या छापणारं कॉम्प्युटर सांभाळू लागला. अधूनमधून फोन करायचा. मी उचलायचो नाही.

तो गेल्यावर बऱ्याच दिवसांनी सिल्लोडला गेलो. भाभींनी पाणी दिलं. मी आडवळण न घेता सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "त्यांना ठाऊक होतं, भाईसाब. मी म्हणायची, तो उचलत नाय तर कशाला लावता? तर म्हणायचे, वाजू दे, एक दिवस बोलेल." मला वाटलं, आता त्या माफ केलं म्हणतील. तसं काही झालं नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? इथं लोक अजून म्हणतात, दवाखाना बंद पाडला म्हणून हाकलला. पोरीच्या सोयरिकीतबी तेच निघालं. सांगायचं तर त्यांना सांगा. चारचौघांत."

म्हणून हे लिहितोय. दवाखाना नईमनं बंद पाडला नाही. मी पाडला. त्यानं तो वाचवला. मालकांनाही मी हे सांगितलं आहे; ते म्हणाले, आता जुनं कशाला उकरता?

ऑफिसात आजही काही चढवायच्या आधी उभं राहून विचारतात. आता ते काम करणारी मुलगी नईमनंतर आलेली; ही रीत कुणाची, हे तिला ठाऊक नाही. सिल्लोडहून आल्यावर पहिल्यांदाच ते काम निघालं. ती खुर्ची मागं सारून उभी राहिली. "हात लावलाय का कुणी?" नाय, नाय, नाय… माझ्यापर्यंत आलं. या खेपेलाही मी एक बारीकसा बदल केला होता.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं लगेच काम थांबवलं. माझ्याकडं वळली. ना आठी, ना आवाज चढलेला. "सांगा सर, मग पुढं जाऊ." सगळी खोली माझ्या बोलण्याची वाट बघत थांबली होती.

त्या दिवशी तोही असाच थांबला असता.