अण्णा समुद्रातलं रान बघायला आले

आता काय सांगू तुम्हाला, कुणाची सोयरीक पत्रिकेवरून मोडते, कुणाची मानपानावरून. माझी समुद्राच्या तळाच्या चिखलावरून मोडली. हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या. मग हसू आलं तर हसा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाची गोष्ट. मी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन, तीही मुरमाड. एम.एस्सी. झालो आणि नोकरी लागली ती थेट रामेश्वरजवळ, समुद्रावर! तोवर पाझर तलावापेक्षा मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं.

काम काय, तर उथळ समुद्राच्या तळाशी गवत असतं. शेवाळ नव्हे हो, चांगलं मुळं-पानं असलेलं गवत. त्याची कुरणंच्या कुरणं असतात. हे गवत पाण्यातला कार्बन ओढून घेतं आणि तो खालच्या चिखलात साठत जातो. चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे गाडलेली मुळं-पानं धड कुजत नाहीत, कार्बन हजारो वर्षं तिथंच पडून राहतो. आम्ही लांब नळी ठोकून तो चिखल वर काढायचा आणि त्यात कार्बन किती आहे ते मोजायचं.

गावात हे कुणाला सांगायला गेलं की लोक म्हणायचे, "बरं बरं, पगार बराबर येऊन राह्यला ना?" आणि गाडी कपाशीच्या भावावर जायची. माझ्या कामाबद्दल कुणीतरी दोन प्रश्न विचारावेत म्हणून मी अक्षरशः आसुसलेलो होतो. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सुट्टीत घरी आलो तर मामानं स्थळ काढून ठेवलेलं. मामा कुंभार पिंपळगावचा, बैलांच्या बाजारात सौदे जमवून देणारा. सोयरिकीही तो त्याच पद्धतीनं जमवायचा. मुलगी घनसावंगीजवळची, नाव सुषमा, जालन्याला बी.एस्सी. करत होती. जीपमध्ये चेंगरून बसल्या बसल्या मामानं मला तंबी दिली.

"हे बघ, तू कमी बोल. शिकलेला माणूस बोलाया लागला की सौदा फिसकटतो."

मामाचं ऐकलं असतं तर! पण ऐकलं तर तो भाचा कसला?

सुषमाच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. ऊसवाले शेतकरी, बोलणं मोजकं. पोहे झाले, पाणी झालं आणि अण्णांनी पहिला प्रश्न टाकला.

"तिकडं तुमच्याकडं रान किती हाये?"

मला वाटलं, कामाचं विचारतायत. माझा जीव असा काही सुपाएवढा झाला की विचारू नका. "आमच्याकडं हजार एकराच्या वर आहे, अण्णा," मी म्हणालो.

अण्णांनी मामाकडं पाहिलं. मामानं छताकडं पाहिलं.

"माती कशी हाये?"

"काळीभोर. लोण्यासारखी मऊ. आणि खोल किती म्हणाल तर काही ठिकाणी दोन पुरुष!"

"अन् पाणी?"

"पाणी तर कायम उभंच असतं. उन्हाळ्यातसुद्धा."

अण्णा पुढं सरकून बसले. "पीक काय घेता?"

"गवत."

"नुसतं गवत?"

"गवतच. पण खरी कमाई त्याच्या बुडाशी. खाली कार्बन साठतो, म्हणजे कोळशाचाच भाऊ समजा."

"कोळसा? मंग काढता का तो?"

"छे छे, काढायचा नाही. तसाच राहू द्यायचा, नातवंडा-पतवंडांसाठी."

अण्णांनी मान हलवली. इतका लांबचा विचार करणारा पोरगा त्यांनी पाहिला नसावा. "जनावरं?" त्यांनी विचारलं.

"समुद्री गायी येतात चरायला. आमच्या नाहीत, मोकळ्याच असतात."

सांगा बरं, यात एक तरी शब्द खोटा आहे का? तरी समोरच्या माणसाच्या डोक्यात माझी हजार एकर बागायती उभी राहिली होती, खाली कोळशाच्या खाणीसकट. आणि मी मात्र खुशीत की अखेर मराठवाड्यात माझ्या विषयाचा जाणकार भेटला.

मग आम्हा दोघांना मागच्या अंगणात बोलायला पाठवलं. आमचं सगळं बोलणं सुषमानं आतून ऐकलं होतं. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलंच नाही. म्हणाली, "त्या चिखलात हवा जात न्हाई म्हणून कार्बन टिकतो ना? मंग उकरला की?"

"हळूहळू परत पाण्यात, हवेत जातो."

"मंग तुम्ही उकरता कशाला?"

दोघंही हसलो. खरं सांगतो, मी तिथंच पाघळलो. एवढी आवडलेली मुलगी ना त्याआधी भेटली, ना त्यानंतर. आत जाता जाता ती हळूच म्हणाली, "अण्णांना वाटून राह्यलंय की ती जमीन तुमची हाये. तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं."

डोक्यात लख्ख उजेड पडला. आता तुम्ही म्हणाल, मग सांगितलंस ना लगेच? नाही. मी मामाला बाजूला घेतलं.

"येडा का रे तू?" मामा म्हणाला. "आत्ताच होकार येऊन राह्यलाय. सुपारी फुटू दे, मंग सांग."

आणि मी गप्प बसलो. ती हातची जाईल, या भीतीनं गप्प बसलो.

आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. सुपारी फोडायच्या आधी मुलीकडची माणसं रान बघायला जातात. मी कामावर परतलो आणि पंधरवड्यात मामाचा फोन आला. "अण्णा निघालेत तिकडं. मी बी येऊन राह्यलोय. रामेश्वराचं दर्शन बी होईल म्हणतेत."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. स्टेशनवर सांगू म्हटलं, तर अण्णा दमलेले. जेवताना सांगू म्हटलं, तर मामा डोळे वटारून बसलेला. सकाळी आम्ही होडीत बसलो तरी माझं सांगणं राहिलेलंच. बोलणी मी सांभाळतो म्हणणारा मामा पहिल्याच लाटेला होडीबाहेर मान टाकून ओकायला लागला. उरलो मी आणि अण्णा. अण्णांनी टोपीवरून टॉवेल बांधला होता आणि दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली होती.

"कुठं हाये रान?"

"खाली."

पाणी नितळ होतं. तळाशी हिरवंगार गवत एका अंगाला झुकून डुलत होतं. अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "आपला बांध कुठून कुठवर?"

बोलायची हीच वेळ होती. आणि मी काय केलं? हात उचलला आणि क्षितिजापर्यंत गोल फिरवला. तोंडानं मी खोटं बोललो नव्हतो, ते हातानं बोललो. आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून सरळ पाण्यात उडी मारली.

खालून मूठभर चिखल आणून त्यांच्या हातावर ठेवला. अण्णांनी तो बोटांत चोळला, नाकाजवळ नेला. सडक्या अंड्यासारखा वास येत होता, तरी त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

"माती चांगली हाये," ते म्हणाले. "पण तुमची न्हाई."

मी होडीची कड धरून पाण्यात तसाच.

"सुषमानं मला त्याच दिवशी सांगितल्तं, पाव्हणे तिथं नोकरीला हायेत म्हणून. जमिनीचं काय, माझ्याकडं हाये की. ती म्हणली, पोरगा चांगला हाये, थोडं थांबा, तो सांगंल. म्हणून थांबलो. गाडीतून उतरल्यापासून वाट बघून राह्यलो."

"अण्णा, चुकलं माझं."

"चुकत असतंय माणूस. पण आत्ता तुम्ही हात फिरवला, पाव्हणे." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "वर या, सर्दी होईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवदर्शन केलं. गाडी सुटायच्या वेळी मी स्टेशनवर गेलो. मामा माझ्याशी बोलत नव्हता, जसं काही सुपारीचा सल्ला मीच त्याला दिला होता. अण्णांनी मात्र भस्माची पुडी माझ्या हातात ठेवली.

"तुमच्यासाठी बी मागितलंय देवाला," ते म्हणाले. "चांगली पोरगी मिळू दे म्हणलं."

मनापासून म्हणाले हो, टोमणा नव्हता. मी वाकून पाया पडलो. चांगली पोरगी मिळावी म्हणून माझ्यासाठी पार रामेश्वराला साकडं घातलं, आणि घातलं कुणी, तर जिला मी गमावलं तिच्याच बापानं!