बाहेरच्या भिंतीवरची पट्टी

बायकोनं आणि मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे बाहेरच्या भिंतीवर वायरची पट्टी ठोकणं. रेघ मारायला तिनं निळीत बुडवलेला दोरा ताणून धरला. म्हणाली, "शेतात नांगराचे तास वाकडे काढता, इथं तरी सरळ ठोका." महिन्याभरात ती गेली.

तेरावं झालं अन् पोरगा त्या भिंतीवर लावायला दिवा घेऊन वायरमनसोबत आला. वायरमन म्हणे, "बाबा, पट्टीवर दिवा सपाट बसत न्हाई. पट्टी उखडू, भिंत फोडून वायर आतून घेऊ." पोरगा म्हणे, "घ्या." माझं टाळकंच फिरलं. "तुझ्या मायनं धरलेली रेघ हाय ती! छिन्नी लावून तर बघा!" दिवा तेवढा ठेवून घेतला अन् दोघांनाही हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन बंद केला, कडुलिंबाच्या फळकुटाला मागून पट्टीएवढी खाच पाडली, ते पट्टीवर बसवलं आणि त्यावर दिवा आवळला.